नमस्कार करणारी गाडी

पंचवटीतल्या मठासमोर अमितची गाडी आली, दारातल्या उंच गतिरोधकावरून उतरली आणि नेहमीप्रमाणे हळूच नाक टेकवून बसली. गर्दीने "जय हो!"चा गजर केला. २००६ साल होतं, गाडी सेकंडहँड पण परदेशी. तिने नमस्कार घालावा म्हणजे काय!

"यंत्राला कळतं, माणसाला कळत नाही," मल्हारीबाबा डोळे मिटून म्हणाले. "इंजिन बंद कर. मी बॉनेटवर हात ठेवतो. आता चालू कर."

गाडी वर उठली. बायकांनी पदर पसरले.

एवढ्यावर भागलं असतं तर अमितच्या बायकोने, ज्योत्स्नाने, हसून सोडून दिलं असतं. ती विज्ञानाची शिक्षिका. थापांची तिला सवय होती. पण बाबांनी तिच्या सासूबाईंकडे, धोंडाबाईंकडे बोट केलं. "गाडी वाकली, तशी तुझी शुगर वाकेल. इन्सुलिन बंद!"

सासूबाईंनी सुई खरंच बंद केली. दुसऱ्याच दिवशी त्यांची तहान भागेना, डोकं गरगरायला लागलं.

"आई, सुई घ्या, नाहीतर डॉक्टरकडे चला."

"गाडीला अक्कल आली, तुला कधी येणार गं?"

ज्योत्स्नाचं डोकं फिरलं. नमस्काराआधी गाडी दर वेळी गतिरोधकावर गचका खाते, हे तिच्या लक्षात होतं. "बरं, दर्शनाला जाऊ," म्हणत तिने दोघांना गाडीत घातलं आणि अमितला इंदिरानगरातल्या देशी दारूच्या दुकानावरून गाडी घ्यायला लावली. तिथेही तसाच गतिरोधक. गाडीने मनोभावे नाक टेकलं. दुकानातला एक झिंगलेला गृहस्थ हात जोडून म्हणाला, "या, बसा!"

"आई, यांचाही आशीर्वाद घ्यायचा का?"

सासूबाईंनी घाईघाईने खिडकीची काच वर केली.

शेजारीच बुद्धभूषणचं गॅरेज होतं. त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली शिरला आणि पुढच्या चाकाजवळ तांब्याच्या तारेने बांधलेली वाळकी लिंबू-मिरची दाखवत विचारलं, "हे कुणी बांधलं?"

"बाबांनीच," अमित पुटपुटला. "गाडी घेतली तेव्हा. नजर लागू नये म्हणून."

"लय घट्ट बांधलंय. या गाडीला स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. चाकाजवळचा सेन्सर उंची सांगतो, कॉम्प्युटर हवा भरतो-सोडतो. बाबांच्या तांब्याच्या तारेनं सेन्सरच्या वायरी सोलल्यात. गचका बसला की त्या शॉर्ट होतात. कॉम्प्युटरला वाटतं नाक फार वर गेलं, तो हवा सोडतो. बंद करून चालू केलं की परत ठीक."

"आणि बाबांचा हात?"

"त्यानं बॉनेटवर डाग पडतो."

तार काढून वायरींना टेप लावल्यावर ते मठात गेले. गाडी गतिरोधकावरून ताठ मानेने उतरली. गर्दी बघत राहिली. बाबा म्हणाले, "आज गाडीच्या मनात पाप आहे."

धोंडाबाई भडकल्या. "पाप गाडीच्या मनात? मेल्या, माझा जीव चालला होता! अमित, वळव गाडी. आधी डॉक्टरकडे."

ज्याला साधी लिंबू-मिरची धड बांधता येत नाही, त्याच्या शब्दावर आपलं औषध सोडायचं? चमत्कार दिसला तर हात जरूर जोडा, पण आधी वाकून गाडीखाली एकदा बघा.