पाळण्याची जोखीम

"आ अवाज कोनो छे?" हार्दिकने विचारलं. त्याच्या टेबलावरच्या मोबाइलमध्ये पाळणा चालू होता.

संयोगिता माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरना ज एक जण छे."

घरातलंच एक जण! अगं, ते एक जण तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसलंय, ठेवणीतलं नारायणपेठी नेसून. सख्खी थोरली जाऊ आहे तुझी. पण फतेगंजच्या त्या गारठलेल्या ऑफिसात तमाशा नको म्हणून मी नुसता पदर सारखा केला.

संयोगिताचं मोबाइलवर चॅनेल आहे, 'संयोगिताचं बडोदी स्वयंपाकघर'. दांडिया बाजारातल्या भाजीवाल्यापासून डभोईच्या माझ्या मावसबहिणीपर्यंत सगळे बघतात. आता त्यातलं संयोगिताचं काय, ते ऐका. भाकरी थापते मी. पुरण वाटते मी. सासूबाईंच्या हाताची कटाची आमटी या घरात फक्त मला येते. व्हिडिओत माझे हात मनगटापर्यंत दिसतात, आणि मग कॅमेरा वर जातो तो थेट हिच्या लिपस्टिकवर! लोक लिहितात, "ताई, किती सुगरण हात तुमचे!" आणि ही बया खाली लाल बदाम टाकते. आभार मानते, माझ्या हातांचे!

जळते का मी? जळते. उगाच साळसूदपणा कशाला? दारात बायका तिला "मॅडम, एक सेल्फी" म्हणतात आणि मला "जरा बाजूला होता का?" म्हणतात. कोण नाही जळणार?

पण एक व्हिडिओ माझा होता. तिच्या प्राचीच्या बारशाच्या घुगऱ्यांचा. मागे पाळण्याजवळ मी उभी आहे आणि सासूबाईंचा पाळणा गातेय. घुगऱ्या राहिल्या बाजूला, लोकांनी तो पाळणाच उचलला. चॅनेलवर सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. खाली कितीतरी जणांनी विचारलंय, "हा आवाज कुणाचा?" संयोगिताने एकालाही उत्तर दिलेलं नाही. दुपारी घर निजलं की मी चष्मा लावून ते प्रश्न वाचत बसते.

आणि आता मुंबईची एक कॅसेट कंपनी म्हणत होती की तो पाळणा त्यांचा आहे. त्यांच्या कुठल्याशा गायिकेने म्हणून ठेवलाय म्हणे.

आता हार्दिक कोण, तर नेटवर्कवाला. म्हणजे असली शेकडो चॅनेलं पदराखाली घेणाऱ्या कंपनीचा माणूस. जाहिराती तो आणतो, वाटा घेतो. गेल्या दिवाळीत संयोगिताने त्यांच्या करारावर सही केली तेव्हाही मी सोबत होते. सगळं इंग्रजी. हार्दिक गोड हसून म्हणाला होता, "विडियो तमारा, गीत तमारां, जोखम बधुं तमारुं, बेन."

आम्ही दोघी खूश! आमच्या घरात जोखीम म्हणजे सोनं. सासूबाई, मथुराबाई, डभोईच्या बसमध्ये पाटल्या-तोडे कमरेला बांधून बसायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "बाई, जरा सरकून बसा, माझ्यापाशी जोखीम आहे." आम्हाला वाटलं, भला माणूस आहे, सगळं सोनं आपलंच म्हणतोय. रिक्षातून येताना आम्ही लीलो चेवडासुद्धा घेतला.

"हार्दिकभाई, तुम्हीच म्हणाला होता ना, जोखीम आमची?" संयोगिताने विचारलं.

"हा तो, ए ज कहुं छुं," तो म्हणाला. "कॉपीराइटनी भानगड थाय तो जवाबदारी तमारी. कंपनी वच्चे नहीं पडे. लखेलुं छे."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. संयोगिताचा चेहरा पांढराफटक झाला. खरं सांगू? मला आधी बरंच वाटलं. बस आता, मॅडम!

मग हार्दिकने समजावून सांगितलं. चॅनेलवर आधीच दोन ठपके होते. एक देवळाच्या भोंग्यावरच्या गाण्याचा, एक शेजारच्या रेडिओचा. तिसरा बसला की चॅनेल कायमचं बंद. आता रस्ते दोन. पाळण्याचा आवाज पुसायचा आणि त्या जागी फुकटातलं संगीत घालायचं, म्हणजे मिटलं. किंवा भांडायचं. गाणारीने नाव देऊन, कॅमेऱ्यासमोर बसून सांगायचं की हा माझा आवाज, हा आमच्या घरातला पाळणा. मुंबईच्या कंपनीने ऐकलं तर ठीक, नाहीतर तिसरा ठपका.

"मी सांगते!" मी खुर्चीतून उठलेच. "त्यांच्या पाळण्यात आमच्या बडोद्याचं सुरसागर तळं आहे का, विचारा त्यांना. पाचवं कडवं सासूबाईंनी स्वतः रचलंय. सुरसागराच्या पाण्यात चांदोबा बाळाला बघायला उतरतो. मुंबईवालीला काय माहीत सुरसागर? घ्या, आत्ता गाते. लावा कॅमेरा!"

हार्दिक हसला. "आंटी तो जोरदार छे!"

नाव देऊन, कॅमेऱ्यासमोर. माझा चेहरा. त्यासाठी तर नारायणपेठी नेसले होते.

संयोगिता माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट होता. "ताई, नको. चॅनेल गेलं तर माझ्यापाशी काय उरतं? मला दुसरं काही येत नाही. तुम्हाला सगळं येतं."

"आणि माझा आवाज?"

"मी एवढी जोखीम नाही घेऊ शकत, ताई."

तिने तिथेच आवाज पुसायचं बटण दाबलं.

रिक्षातून आम्ही घरी निघालो. मला तिचा इतका राग आला होता की तिचा हात झिडकारावासा वाटत होता, आणि ती माझाच हात धरून रडत होती. सगळं येतं म्हणे मला. हे तिला माहीत होतं तर! मग एकदा तरी त्या प्रश्नांखाली लिहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी व्हिडिओ लावला. पाळणा हलतोय, मी उभी आहे, माझे ओठ हलताहेत आणि त्यांतून बासरी वाजतेय. लोकांनी खाली विचारलं होतं, "तो आवाज कुठे गेला?" मी मोबाइल उशीखाली सारला.

त्याच आठवड्यात आमच्या समोरच्या रूपालीच्या बाळाचं बारसं होतं. बायका जमल्या, गोविंद घ्या गोपाळ घ्या झालं, आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितलं. मग रूपालीची सासू म्हणाली, "पद्मा, तुझा पाळणा झाल्याशिवाय बारसं पुरं होत नाही हं."

मी पुढे झाले. रूपालीच्या बहिणीने मोबाइल उचलून माझ्यावर धरला. तशी संयोगिता झटकन मध्ये आली आणि तिने हाताने कॅमेरा झाकला. "गाणं घेऊ नकोस गं. मागाहून लफडं होतं."

सगळ्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या. मी संयोगिताकडे बघितलं.

"घे गं, पोरी," मी त्या मुलीला म्हणाले. "तोंड दिसू दे माझं नीट. आणि खाली नाव घाल, पद्मा. जोखीम माझी आहे."

संयोगिताचा हात हळूच खाली गेला. मी पाळण्याची दोरी धरली आणि सुरसागराच्या कडव्यापासूनच सुरुवात केली.