उलटं बी वाचती!

वडगाव रासाईच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. अक्षरमहाराजांनी मोरपिसानं जिभेवर ॐ काढला की मठ्ठ पोरही महिन्यात वाचायला लागतं, ही हवा पार वरवंडपर्यंत गेली होती.

आज पूनमच्या स्वप्नालीची पाळी. दुसरीत जाऊनही 'क' आणि 'फ'पाशी अडणारी पोर पुस्तकावर बोट फिरवत घडाघडा धडा वाचत होती. पूनमच्या डोळ्यांना धार लागली.

"मेंदूचं कुलूप उघडलं!" महाराज गरजले. "आता शाळेतल्या वाचनाच्या जादा तासाला पाठवाल, तर विद्या उलटंल!"

"न्हाई पाठवत, महाराज," पूनमच्या सासूनं, वच्छलाबाईनं, हात जोडले.

गर्दीतून स्वप्नालीच्या बाई, सुरेखा मॅडम, पुढं आल्या. त्यांनी पुस्तक घेतलं आणि उलटं धरलं. "वाच बाळा."

पोरीचं बोट चालतच राहिलं. धडाही.

"आयला, उलटं बी वाचती!" कुणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट! गावाला दुसरा चमत्कार फुकटात मिळाला.

मॅडमनी त्याच धड्यातला मधला एक शब्द पाटीवर लिहिला. "हे काय गं?"

स्वप्नालीनं पाटीकडं पाहिलं, महाराजांकडं पाहिलं. तोंड उघडेना.

"शंकेखोर बाईनं विद्या बांधली!"

"तुम्ही थांबा वो महाराज," पूनम पुढं झाली. "सपे, रोज सकाळी हितं काय करता?"

"आरती म्हंतो."

"म्हण बरं."

पोर गायला लागली. चाल आरतीची, शब्द धड्याचे. महिनाभर बाहेर बसलेल्या आयांनी झांजांच्या गोंगाटात चाल ऐकून हात जोडले होते. शब्द कुणी ऐकलेच नव्हते.

"मग सांगितलं का न्हाई, बाय?"

"महाराज म्हनले, वाचता आलं न्हाई तर ते आईचं पाप आस्तंय."

पूनमनं पोरीला पोटाशी धरलं.

"पाठ तर झालंय की," वच्छलाबाई पुटपुटली.

"पाठ झालंय, मावशी. वाचता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "औषधाच्या बाटलीवरचं नाव आरतीत सापडायचं नाही."

"आत्ती, उद्यापास्नं सपी जादा तासाला जाणार," पूनम म्हणाली आणि पोरीचा हात धरून निघाली. निम्मी रांग मात्र जागची हलली नाही.

लोकहो, अक्षराची आवाजाशी गाठ रोज, एकेक करून बसते. त्यात पोर अडतं, चुकतं. त्याला पाप म्हणू नका. आणि घडाघडा म्हणणाऱ्या पोरापुढं एक नवा शब्द लिहून ठेवा. नाही वाचला, तर पोराला जवळ घ्या आणि बाबाला वेशीबाहेर काढा.