जास्वंदीचा पेला

रंभाबाईंनी लिंबू पिळलं आणि पातेल्यातलं जांभळट पाणी बघता बघता लालभडक झालं. उंबऱ्याशी टेकलेली येसूबाई मान पुढे काढून बघत राहिली. गावातली निम्मी पोरं या येसूबाईच्या हातावर जन्मलेली. कुठलं बाळंतपण आटोपून आली की दुपारची घटकाभर ती रंभाबाईंकडे विसावायची.

रंभाबाईंचं जास्वंदीचं सरबत प्यालं नाही असं उमरोळीत माणूस नव्हतं. सकाळी कुंपणावरची तांबडी फुलं खुडायची, देठ आणि मधला तुरा काढून नुसत्या पाकळ्या ठेवायच्या. पाण्यात दालचिनी, मिरी, वेलदोडे आणि ठेचलेलं आलं उकळायचं, पातेलं उतरवून त्यात पाकळ्या टाकायच्या आणि झाकण ठेवायचं. मग गाळून खडीसाखर, आणि निवल्यावर लिंबू. बर्फ आणायचा त्यांचा मुलगा कमलाकांत. तारापूरच्या किनाऱ्याला मोठं बांधकाम निघालं होतं, तिथल्या गोदामात तो कामाला होता. सुट्टीच्या दिवशी तो पालघर स्टेशनवर जायचा, मासळीच्या पेट्यांसाठी आलेल्या बर्फातला तुकडा मागून घ्यायचा आणि भुसा घातलेल्या गोणपाटात गुंडाळून सायकलवरून आणायचा. नवरा गेल्यापासून रंभाबाईंना कुणी नावाजलं असेल, तर ते या सरबतासाठीच.

बर्फ फोडून त्यांनी पेल्यांत टाकला. पहिला पेला सुनेला दिला. शैलाला चौथा महिना होता. तिनं पेला दोन्ही हातांनी घेतला, मागच्या दारी वारा लागतो म्हणाली आणि परसात गेली.

येसूबाईनं आपला पेला खाली ठेवला.

"सुनेलापन देतेस हे?"

"तिलाच पयला. का गं?"

लांब किनाऱ्याकडे सुरुंग उडाला. फळीवरची भांडी किणकिणली आणि थांबली.

"पोटुशीला जास्वंद देत नाय, रंभा. नको असलेलं पोट पाडायला बाया हेच पितात. मला वाटलं, तुला ठाव हाय."

रंभाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. शैलाचं पहिलं पोट चैत्रात गेलं होतं. दुसरं त्यानंतरच्या वर्षी, वैशाखात. दोन्ही वेळा उन्हाळाच. पोरीला उन्हाचा त्रास नको म्हणून दोन्ही वेळा त्यांनीच पेला भरून तिच्या हातात दिला होता. येसूबाई तेव्हाही धावून आली होती, पण पोरीच्या पोटात काय गेलं हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं शैला रिकामा पेला घेऊन आत आली आणि तिनं तो विसळून पालथा घातला.

त्या दिवसापासून रंभाबाईंनी सरबत केलं नाही. कमलाकांतनं विचारलं, तेव्हा घसा धरलाय म्हणाल्या. शैला वाकली की त्यांचा जीव वर यायचा. ती न्हाणीत जरा जास्त वेळ राहिली की त्या दाराशी जाऊन उभ्या राहायच्या. तिचं लुगडं वाळत घालताना आधी उजेडात धरून बघायच्या. कुणाला काही सांगायचं धैर्य होत नव्हतं. कमलाकांतला तर नाहीच.

आणि एका दुपारी शैला विहिरीच्या कठड्याशी पोट धरून खाली बसली.

पालघरहून डॉक्टर टांग्यानं आले. थोडासाच स्राव झाला होता. त्यांनी इंजेक्शन दिलं, अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं, पुढचं मात्र आपल्याला सांगता येणार नाही म्हणाले. टांग्यापर्यंत रंभाबाई त्यांच्या मागे गेल्या. सरबतानं असं होतं का, हे विचारायचं ओठावर आलं होतं. टांगा हलला आणि ते राहूनच गेलं.

कमलाकांत कामावर गेलेला असताना त्या शैलाच्या उशाशी पंखा घेऊन बसल्या.

"शैला, हे माज्या हातून झालं," त्या म्हणाल्या. "आधीची दोनपन."

मग येसूबाई बोलली ते सगळं त्यांनी सांगितलं. मला ठाऊक नव्हतं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. शैला आढ्याकडे बघत ऐकत होती.

"आई, मी ते कदी प्यालेच नाय."

रंभाबाईंचा पंखा थांबला.

एडवणला माहेरी, लग्नाच्या आधी, तिच्या आईनं तिला बजावून ठेवलं होतं. सासरी कुणी जास्वंदीचं काही दिलं तर हसून घे, पण पिऊ नको. शैला प्रत्येक पेला परसात नेऊन केळीच्या बुंध्याशी ओतत आली होती.

"पयल्यापासून?"

"पयल्यापासून."

रंभाबाईंनी डोळे मिटून हात जोडले. आपल्या हातून काही झालं नव्हतं. छातीवरचा धोंडा कुणी तरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. मग हळूहळू त्यांचे हात खाली आले.

"मग मला सांगितलं का नाय? मी कशाला दिलं असतं?"

शैलानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुमाला ठाव नसंल, असं मला कदी वाटलंच नाय."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. मग रंभाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शैलाच्या पेजेची वेळ झाली होती.

वाडगा घेऊन त्या परत आल्या, तेव्हा शैला उशीला टेकून बसली होती. रंभाबाईंनी चमच्यानं थोडी पेज आपल्या तळहातावर घेतली, तिच्यासमोर पिऊन टाकली, पदरानं हात पुसला आणि मग वाडगा तिच्या हातात दिला.

"आई, असं नका करू," शैला म्हणाली.

रंभाबाईंनी नुसता पंखा उचलला.

पोट राहिलं. नवरात्राच्या तोंडावर शैलाला मुलगी झाली, सुखरूप, येसूबाईच्याच हातावर. रंभाबाईंनी बाळंतिणीचं सगळं रीतसर केलं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा. देण्याआधी प्रत्येकातलं चिमूटभर त्या आपल्या तळहातावर घ्यायच्या, सुनेच्या समोर उभ्या राहून खायच्या. शैला तोवर पोरीला मांडीवर घेऊन मान खाली घालून बसायची.