चौदा मीटरचं वेटोळं

माझ्या मोठ्या भावाला खात्यात सगळे वैद्य म्हणायचे. जमिनीखालच्या टेलिफोन केबलीत बिघाड कुठे आहे, हे तो खणायच्या आधी सांगायचा. त्याच्याकडे जेवणाच्या डब्याएवढं यंत्र असे. तांब्याच्या तारांना चिमटे लावायचे. यंत्र तारेत एक झटका सोडतं, तो बिघाडावर आपटून परत येतो आणि पडद्यावर मीटरचा आकडा दिसतो. केबल ज्या जातीची, त्या जातीतला झटक्याचा वेग आधी यंत्राला सांगावा लागतो. तो चुकला की सगळंच चुकलं. दादाचा तो कधी चुकला नाही. हे मी आज सांगतोय. जिथे सांगायला हवं होतं तिथे मी काय केलं, तेही सांगतो.

दवाखान्याचे फोन बंद पडले तेव्हा दादाला आकडा मिळाला दोनशे चौदा. त्यानं रस्ता मोजून बरोबर फाटकासमोर खणायला लावलं. केबल कोरडी, ठणठणीत. "दुसऱ्या टोकाकडूनही मोजू द्या," तो म्हणाला. साहेबांच्या डोक्यावर दवाखान्यातले मोठे डॉक्टर बसलेले. "मोजामोजी पुरे, खणा," साहेब म्हणाले. दोन मीटर पुढे दुसरा खड्डा. तिथेही काही नाही. रुग्णवाहिकेची वाट अडली ती अडलीच, आणि फोन बंद ते बंदच. तिसऱ्या दिवशी दादावर चौकशी लागली: यंत्र चालवता येत नाही, वेग चुकीचा लावला. ते सिद्ध झालं तर सव्वीस वर्षांच्या कामानंतर त्याची रवानगी गोदामात होणार होती.

यंत्र माझ्या हातात आलं. मी जॉइंटर, म्हणजे केबली जोडणारा. हे यंत्र दादानंच मला शिकवलेलं. चिमटे लावले. आकडा तोच, दोनशे चौदा. त्यातल्या चौदावर माझी नजर अडकली.

अकरा वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर, बेकरीच्या भिंतीलगत मी एक जोड केला होता. जोडाशेजारी थोडी जास्तीची केबल गुंडाळून पुरायची ही आमची रीत. पुढे कधी जोड पुन्हा करायची वेळ आली तर येणाऱ्या माणसाला तार कमी पडू नये. मी चौदा मीटरचं वेटोळं पुरलं. घरी जायची घाई होती, नकाशात दाखवायचं राहिलं. "सगळं लिहिलंस ना?" दादानं विचारलं होतं. मी हो म्हटलं आणि त्यानं खाली सही केली. यंत्र केबल मोजतं, रस्ता मोजत नाही. वेटोळ्यातले चौदा मीटर रस्त्यावर कुठेच नसतात.

मी चौदा वजा केले आणि दोनशेवर खणायला लावलं. पहिल्याच खड्ड्यात ओली केबल, आत तांबं हिरवं पडलेलं. दुपारपर्यंत फोन सुरू झाले. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनीनं चहा दिला.

"कितीवर सापडलं?" दादानं विचारलं.

"दोनशे."

"आणि यंत्र काय म्हणत होतं?"

"तेच. दोनशे चौदा."

"बेकरीपाशी ना?" तो म्हणाला. मी मान हलवली. "वेटोळं ठेवायला मीच शिकवलं तुला. लिहायलाही शिकवलं होतं."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"उद्या चौकशीत सांग. न बघता सही केली, ते माझ्या माथी येऊ दे. पण यंत्र चालवता येत नाही, हे नको रे."

"सांगाल ना, भावजी?" वहिनीनं विचारलं.

"सांगणार म्हणजे काय, सांगणारच."

चौकशीच्या खोलीत दादा माझ्यासमोरच बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. मला तो उलटा दिसत होता, तरी वाचता आला: वैद्याच्या जागेवर माझं नाव.

"तुम्हाला पहिल्याच खड्ड्यात कसं सापडलं?" साहेबांनी विचारलं.

नुसता गप्प बसलो असतो, तरी एक वेळ चाललं असतं.

"वेग नीट लावला, साहेब," मी म्हणालो.

दादानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग त्यानं शर्टाच्या बाहीचं सुटलेलं बटण लावलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात. इथे चोराला संन्याशाची खुर्चीही मिळाली.

आता बिघाड मी शोधतो. बरेचसे सापडतातही. वहिनी रस्त्यात दिसली की पलीकडच्या बाजूला जाते. यंत्राच्या बॅटऱ्या मात्र गोदामातूनच आणाव्या लागतात. दादा खिडकीतून त्या माझ्यापुढे ठेवतो, वही सरकवतो, पेन उघडून हातात देतो.

"नेलंस ते लिही," तो म्हणतो. आणि माझं लिहून होईपर्यंत वहीवरून नजर काढत नाही.