मस्टर नसलेली खोली

"ग्रंथालयाच्या मागे, पहिला मजला, शेवटची खोली," असं फोनवर सांगितलं होतं. पण ग्रंथालयाच्या मागे जिनाच दिसेना! टाइमकीपर इमारतीला दोनदा वळसा घालून आला. पहारेकऱ्याला विचारायचीही सोय नव्हती. 'दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे असते हो?' असं विचारायचं म्हणजे गावभर दवंडी पिटल्यासारखंच. शेवटी सायकली लावायच्या जागेतून वर जाणारा लोखंडी जिना सापडला, तेव्हा त्याचं डोकं पुरतं फिरलं होतं. एक साधी पाटी लावायला काय होतं या लोकांना!

मंडळी, हा गृहस्थ एका कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपर होता. बावीस वर्षं मस्टर त्याच्या ताब्यात. कोण किती वाजता आला ते लिहायचं, उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे लाल शेरा मारायचा आणि कुणाच्या तोंडाला वास आला, तर त्याला आल्या पावली परत पाठवायचं. आणि हाच माणूस गेली चार वर्षं तोंडात पेपरमिंट धरून फाटकावर उभा राहत होता! गेल्या आठवड्यात तो भरदुपारी टेबलावर डोकं ठेवून घोरताना सापडला. साहेबांनी आठ रकान्यांचं एक कार्ड त्याच्यापुढे टाकलं. "आठ आठवडे बैठकीला जायचं. दर शनिवारी मला सही दाखवायची. नाही दाखवलीत, तर कायमचं घरी बसायचं."

"सही काय, आणतो की," तो घरी बायकोला म्हणाला.

बायको इस्त्री करत होती. तिने मान वरही केली नाही. "मागे डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत. त्याआधी शपथ घेऊन आलात. आता सही आणा! कागद पुरे झाले हो. या घरात एक शुद्धीवरचा माणूस आणून द्या, बाकी मला काही नको."

तो चिडला आणि कार्ड खिशात कोंबून बाहेर पडला.

खोलीत दहा-बारा खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. कोपऱ्यात चहाचा थर्मास. बैठक सात मिनिटं उशिरा सुरू झाली आणि त्याने मनातल्या मनात सगळ्यांना लाल शेरा मारला. मग एकेक जण बोलू लागला. एका शिक्षिकेने सांगितलं, की ती पाण्याच्या बाटलीतून वर्गात दारू नेत असे. एक न्हावी हात कापतो म्हणून आधी घोट घ्यायचा आणि मग वस्तरा धरायचा. टाइमकीपर घड्याळाकडे पाहत होता. आपला काय संबंध या लोकांशी? आपल्याला फक्त सही हवी आहे!

बैठक संपताच तो कार्ड घेऊन, कप गोळा करणाऱ्या माणसाकडे धावला. "मस्टर कुठे आहे?"

"मस्टर नाही इथं."

"मग कोण आलं, कोण नाही, हे कळतं कसं?"

"जो येतो त्याला कळतं," तो माणूस हसून म्हणाला. "ओळखलं नाहीत का, टाइमकीपरसाहेब? मी फोर्कलिफ्ट चालवायचो. तीन वर्षांपूर्वी तुम्ही मला फाटकावरून परत पाठवलंत. माझी नोकरी गेली."

टाइमकीपर एक पाऊल मागे सरला. "हे बघ, नियम म्हणजे नियम..."

"बरोबरच केलंत. मी प्यायलेलोच होतो! त्या दिवशी गाडीवर बसलो असतो, तर कुणाला तरी चिरडलं असतं. पण त्याच्या आदल्या दिवशी मी आत शिरलो होतो, तेव्हा तुमच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता आणि त्याच्या खाली दुसराही. पिणाऱ्याला कळतं हो ते."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कोण कुणाला बोलणार? मी लपवत होतो, तुम्हीही लपवत होतात. लपवण्यात आपण हुशार असतो, तीच तर खरी अडचण आहे." त्याने खिशातलं पेन काढून पुढे केलं. "घ्या. आठही रकाने आत्ताच भरून टाका. तुमच्या साहेबांना काही कळणार नाही. इथलं कुणी चहाडी करायला जाणार नाही. पण उद्या सकाळी पेपरमिंट लागणारच, त्याचं काय करणार?"

टाइमकीपरने पेन घेतलं. खोट्या नोंदी त्याला काही नव्या नव्हत्या. वर्षभर पावणेदहाला डुलत यायचं आणि मस्टरमध्ये स्वतःच्या नावापुढे नऊ लिहायचं, हेच तो करत आला होता. दुसऱ्यांना दोन मिनिटं माफ नव्हती! तो जवळच्या खुर्चीवर बसला आणि रडू लागला. फोर्कलिफ्टवाल्याने पेन परत घेतलं आणि चहा ओतला.

शनिवारी तो साहेबांसमोर कोरं कार्ड घेऊन उभा राहिला. "बैठकीला गेलो होतो. तिथं सही देत नाहीत. पुढच्या आठवड्यातही जाणार आहे." मग त्याने मस्टर उघडून टेबलावर ठेवलं. "आणि यात माझ्या नावापुढची वर्षभराची वेळ खोटी आहे."

साहेबांनी शब्दांनी सोलून काढलं त्याला! मस्टर काढून घेतलं आणि त्याची रवानगी मालाच्या गोदामात केली. नोकरी मात्र राहिली. संध्याकाळी त्याने हे सगळं बायकोला सांगितलं. तिने इस्त्री बंद केली. "किती वर्षांनी खरं बोललात," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

मंडळी, दुसऱ्याच्या तोंडाचा वास घ्यायला आपण सगळेच तत्पर असतो. स्वतःच्या तोंडातली पेपरमिंट मात्र आपल्याला व्यसन वाटत नाही. व्यसन सहीने सुटत नाही, शपथेने सुटत नाही. चार माणसांत बसून ते स्वतःच्या तोंडाने कबूल करावं लागतं, आणि दर आठवड्याला करावं लागतं. ज्याला गरज आहे, त्याने ती खोली शोधावी. ज्याला नाही, त्याने निदान वाट विचारणाऱ्याला हसू नये.

पुढच्या गुरुवारी ग्रंथालयामागे पुठ्ठ्याची एक पाटी लागली होती. 'बैठक वर आहे. जिना सायकलींच्या मागे.' अक्षर मस्टरमधलं होतं. बैठक तेव्हाही सात मिनिटं उशिरा सुरू झाली.