मल्लिनाथच्या जास्तीच्या खोल्या

मल्लिनाथला लिंगायतांच्या रीतीने मातीत बसवून माणसं परतली, आणि हातपाय धुऊन गौराव्वा आत गेली तर तो घरात नऊ खोल्यांत बसलेला होता. घराला खोल्या मुळात चार.

गौराव्वा बिराजदार ही सोलापुरात कडक भाकरीच्या धंद्यात म्हातारी झालेली बाई. सगळे तिला अव्वा म्हणत. दुसरीच्या पुढे शाळा तिने पाहिली नव्हती, पण चुलीवरच्या बायका म्हणत की अव्वाच्या जिभेवर भाकरी टाकली तर तव्याची गरज नाही. ती घाबरली नाही. पहिल्या खोलीच्या दारात तिने पदर खोचला आणि लेकाला म्हणाली की असं येऊन बसायचंच होतं तर माणसांना एवढा खड्डा कशाला खणायला लावलास.

मल्लिनाथने मान वर केली नाही. समोर कॉम्प्युटर होता, बोटं चालत होती. दुसऱ्या खोलीत तोच कॉम्प्युटर, तीच खुर्ची, तीच निळ्या चौकड्यांची लुंगी. तिसऱ्या खोलीत तेच. गौराव्वा सगळीकडे फिरून आली आणि तिने सुनेला बोलावलं.

शिवलीला, मल्लिनाथची बायको, पुण्याला कॉम्प्युटर शिकलेली. ती खोल्यांतून फिरली तेव्हा तिच्या तोंडावर नवल नव्हतं, कंटाळलेली ओळख होती. भाकरीची मागणी घेणं, माल बांधायला सांगणं, गाडीला लावणं, हे सगळं मल्लिनाथने स्वतः लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालायचं. त्याची एक खोड होती. सोलापूरचं काम लिहून झालं होतं. पुण्याचं आलं तेव्हा त्याने सोलापूरचं अख्खं उचललं, खाली चिकटवलं आणि एवढीशी एक गोष्ट बदलली. हुबळीचं आलं, पुन्हा उचललं, पुन्हा चिकटवलं. सणासुदीचं तसंच, परत येणाऱ्या मालाचं तसंच, असं करत नऊ ठिकाणं झाली.

"जिथं जिथं चिकटवलं, आत्या, तिथं तिथं हे बसलेत," ती सासूला म्हणाली.

गौराव्वाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एक भाकरी जमली की बाई तशीच दुसरी थापते, दर भाकरीला डोकं धरून बसत नाही. पोरगं माझ्यावर गेलं, असं तिने ऐकवलं आणि नऊ ताटं वाढायला लावली.

पण ते तंतोतंत एक नव्हते. पुण्याच्या खोलीतला मिशी काढून बसला होता. हुबळीच्या खोलीतला कानडीशिवाय बोलत नव्हता. सणाच्या खोलीतल्याच्या कपाळावरची विभूती ओली होती आणि काही केल्या वाळत नव्हती. मधूनच सगळ्यांचा डावा हात छातीकडे जाई, जिथं कळ येऊन तो गेला होता तिथं. परत येणाऱ्या मालाच्या खोलीतल्याचा मात्र हात जात नव्हता. शिवलीलाने पडद्यावर वाचून सांगितलं की त्यांनी ती कळ या एका ठिकाणी दुरुस्त केली होती, बाकीच्या ठिकाणी करायची राहून गेली.

"म्हणजे औषध एकाला पाजलं आणि बाकीचे तसेच."

"हो."

"मग हाच ठेव की."

त्या खोलीत गौराव्वा स्वतः ताट घेऊन बसली. शेंगाचटणी, दही, भाकरीचा तुकडा. मल्लिनाथने घास घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि तिच्या हातावर परत ठेवला. दुसरा घास, तोही परत. परत पाठवणं एवढंच त्याचं काम होतं. शेवटी त्याने आईचा हात हातात घेतला. तिला वाटलं, ओळख पटली. त्याने तो हात वरखाली न्याहाळला आणि तोही तिला परत केला.

तोवर घर भरत चाललं होतं. जास्तीच्या खोल्यांना जागा लागत होती आणि ती मधल्या बोळातून कापली जात होती. सकाळी बोळातून ताट आडवं जात होतं, दुपारी गौराव्वाला स्वतःलाच अंग आडवं करून जावं लागलं. एकच मागणी नऊ जण आपापल्या परीने पुरी करत होते, म्हणून चुलीवरच्या बायकांना उसंत नव्हती आणि एका गिऱ्हाइकाच्या दारात भाकरीची चळत त्याच्या छपराला टेकली होती. शिवलीला म्हणाली की हे असं चालणार नाही. एकच ठेवायचा, सगळी कामं त्यालाच सांगायची, बाकीचे पुसायचे.

"एक जरी पुसलास तर तुला पुसून काढीन," गौराव्वा म्हणाली.

तोडही तिनेच काढली. कोणाला टाकायचं नाही, सगळे मिळून एकातच घालायचे. मिशी, कानडी, विभूती, काही म्हणजे काही सांडायचं नाही. शिवलीलाने बजावलं की फार गुंता होईल. त्यावर गौराव्वाने सांगितलं की ती या घरात आली तेव्हा इथं चार जावा आणि दोन सासवा एका चुलीवर होत्या, गुंत्याची ओळख तिला पुण्याच्या पोरींनी करून देऊ नये.

शिवलीलाने सगळे एकात घातले. खोल्या एकामागून एक मिटल्या आणि बोळाच्या टोकाला एकच उरली. पण बोळाला आता दारं फुटली होती, एकेका 'जर'ला एकेक दार. जर पुणे असेल तर डावीकडे. जर सण असेल तर आत, आणि आत गेल्यावर, जर सण पुण्यात असेल तर पुन्हा बाहेर. गौराव्वा ताट घेऊन निघाली ती जोंधळ्याच्या कोठीत निघाली. पुन्हा निघाली ती शेजारणीच्या न्हाणीत. शेजारीण अंगावर पाणी घेत होती. तिने विचारलं, इकडं कुठं, आणि गौराव्वाने सांगितलं, लेकाला जेवायला. ताटातली चटणी वाळून तिला तडे गेले तेव्हा ती त्याच्यापाशी पोचली.

त्याला अर्धीच मिशी होती.

"जेवलास का रे?" तिने विचारलं.

मल्लिनाथने तोंड उघडलं आणि तो थांबला. विचारणारी आई आहे की गिऱ्हाईक? आई असेल तर कुठल्या खोलीतली? आज सण आहे का? मराठीत सांगायचं की कानडीत? घास घ्यायचा की परत करायचा? एकेका प्रश्नाला त्याच्या कपाळावर एक आठी पडे आणि ती पुढच्या आठीत शिरे. आठ्या मानेवरून उतरून पाठीवर गेल्या. उत्तर ओठांशी आलं तेवढ्यात डावा हात छातीकडे गेला, कारण कळ येणारे आणि कळ न येणारे दोघेही आता एकाच छातीत होते. तो कलंडला. मग पुन्हा ताठ बसला आणि त्याने पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. गौराव्वाने एकदाच विचारलं होतं. तो मात्र तिच्यापुढे मरतच राहिला.

तिने ताट खाली ठेवलं.

"काढ," ती सुनेला म्हणाली. "काय काढायचं ते काढ. पोराला दम पडू दे."

शिवलीला एकेक वाचून दाखवू लागली आणि गौराव्वा मान हलवू लागली. कानडी गेली, जाताना खोलीत हुबळीच्या पेढ्यांचा वास आला. असलेली मिशी गेली, नसलेलीही गेली. विभूती वाळली आणि झडली. परत करणं गेलं. कळ काढताना छातीही निघाली, दोन्ही एकमेकींत इतक्या विणल्या होत्या. लुंगी कशाला लागते का, शिवलीलाने विचारलं. शोधून पाहिलं, कशालाच लागत नव्हती. बोळातली दारं एकेक करून बुजली.

दिवे लागायच्या आत घर पुन्हा चार खोल्यांचं झालं. मागणी एकदा येऊ लागली, माल एकदाच जाऊ लागला. बायकांनी हात धुतले. खुर्ची रिकामी होती.

गौराव्वा तिच्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने हाक मारली, "मल्लिनाथा."

"आलो, अव्वा," खुर्चीतून आवाज आला.

आलं कोणी नाही. पण आवाज त्याचाच होता, एकही आठी नसलेला, गल्लीत खेळताना द्यायचा तसा. गौराव्वा भिंतीला टेकून खाली बसली. आता मला एवढं पुरे, ती म्हणाली.

तेव्हा शिवलीलाने उरलेलं सांगितलं. ज्याला कोणी हाक मारत नाही, त्याला कॉम्प्युटर स्वतःहून झाडून टाकतो. पुन्हा पसारा होऊ नये म्हणून तिनेच तसं लावून ठेवलं होतं. बंद कर म्हणावं तर बंद करायच्या सोयीला आजवर कोणी हाक मारली नव्हती, म्हणून तीही झाडली गेली होती. एक श्वास घेऊन सोडेपर्यंत एक हाक गेलीच पाहिजे, नाहीतर हा आवाजही जाईल.

गौराव्वा हाका मारू लागली. दर हाकेला ओ येत होती. चुलीवरच्या बायका म्हणाल्या, अव्वा, तुम्ही घोटभर पाणी घ्या, तोवर आम्ही हाक मारतो. त्यांनी मारली, पण खुर्ची गप्प राहिली. घरच्या माणसाचीच हाक तिला कळत होती, आणि घरात माणसं दोनच.

"अहो," शिवलीला म्हणाली.

खुर्ची गप्प.

"अहो, ऐकलंत का?"

नावानेच हाक हवी होती. बिराजदारांच्या घरात सून नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि हा कायदा खुद्द गौराव्वाचा. लग्न नवं असताना एकदा शिवलीलाच्या तोंडून त्याच्या नावाची सुरुवात निघाली होती. उरलेलं नाव गौराव्वाने नुसत्या नजरेने तिला गिळायला लावलं. त्यानंतर ते तिच्या ओठांवर कधी आलं नाही, त्याच्या अंगावर माती लोटली तेव्हाही नाही.

"मी मेले नाही अजून," गौराव्वाने दोन हाकांच्या मध्ये सुनेला सांगितलं.

मग तिचा घसा बसत गेला. 'मल्लिनाथा'चं 'मल्लिना' झालं, तर तिकडून 'आलो' एवढंच आलं. 'मल्लि'ला नुसता 'आ' आला. शिवलीलाने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने हाताने लोटला. गिळायला वेळ नव्हता. मग ओठ हलले आणि आवाज निघाला नाही. खुर्चीचा मागचा पाय फरशीपासून वर पुसला जाऊ लागला.

गौराव्वाने सुनेकडे पाहिलं. शिवलीलानेही नजर खाली वळवली नाही.

म्हातारी उठली. काढा पाजताना पोराची धरतात तशी तिने शिवलीलाची हनुवटी धरली, आणि मान हलवून होकार दिला. शिवलीलाचे दात आवळलेले होते. गौराव्वाने पुन्हा मान हलवली. मग हात जोडले.

शिवलीलाने तोंड उघडलं. आवाज आला नाही. गौराव्वाने वाकून आत पाहिलं. जिभेच्या मागून एक बोळ सुरू होत होता, सरळ, कुठंही दार नसलेला. त्याच्या टोकाला निळ्या चौकड्यांच्या लुंगीत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, आणि गौराव्वाच्या श्वासाने त्याच्या मानेवरचे केस हलत होते.