भरल्या पंगतीतून

सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही त्रेसष्ट जण. दिवसभर नुसते देवीचे फोटो, फुलं, शुभेच्छा. आवाज बंद ठेवला, तर 'अस्मिताचं उत्तर नाही' म्हणून बोंब. काल शाळेत वैतागून मी लेफ्टच झाले.

पाच मिनिटांत सासूबाईंचा फोन. "भरल्या पंगतीतून असं उठतात व्हय गं?" आमच्या तुळजापूरच्या घरात सगळ्यांचं जेवण उरकेपर्यंत कुणी पाटावरून हलत नाही.

सासऱ्यांनी मला परत घेतलं, वर ॲडमिन केलं. "आता कुणी उठलं, की तूच बसवायचं."

आज धाकटी जाऊ अक्षरा लेफ्ट झाली. मला वेगळा मेसेज आला, "ताई, पाया पडते, परत घेऊ नका."

मी तिला परत घेतलं. वर फुलं पाठवली.